कालचा दर

कारखान्याच्या दारात एक फळा आहे,
वाड्यावरची शाळा बंद पडली तेव्हा
पात्रावांनी लिलावात घेतलेला.
कोपऱ्यात अजून दिसतो
कुणीतरी ब्लेडने कोरलेला सातचा पाढा, बेचाळीसपर्यंतच.
त्याच्याखाली रोज सकाळी मी लिहिते:
काजूबी, सुकी, किलोला.
आणि एक आकडा.

तेवीस वर्षं लिहितेय.
आकडा माझा नाही, पात्रावांचाही नाही.
पावणेनऊला तो फोनवर येतो
कोचीच्या दलालाकडून,
आणि त्याला कुठून येतो
ते त्यालाही धड सांगता येत नाही.

आधी वाटायचं, भाव म्हणजे बीचा भाव.
पाण्यात टाकली आणि बुडली, तर बी भरलेली.
आता डिचोलीत बसून मला ठाऊक असतं
की आफ्रिकेच्या त्या टोकाला कोरडा वारा सुटलाय,
वाळवंटाची धूळ मोहोरावर बसतेय;
की कुठल्याशा राजधानीत रात्रीत लष्कर उतरलं
आणि बंदरातली पोती बंदरातच राहिली;
की आमचा सोललेला गर घेऊन युरोपला निघालेलं जहाज
तांबड्या समुद्राला भिऊन
अख्ख्या खंडाला वळसा घालतंय,
त्याचं तेल, त्याचा विमा,
आणि त्याच जहाजावर असलेल्या
आमच्या कुंदाच्या दिराचं
दोनदा पुढे गेलेलं लग्न.
एवढं सगळं मावतं तीन आकड्यांत.
खडू मात्र तेवढाच झिजतो.

सोलणाऱ्या बायका यातलं काही विचारत नाहीत.
टरफलाच्या तेलाने चावलेली काळी बोटं
राखेत बुडवतात, पुन्हा कामाला लागतात.
द्रुपद एकदाच म्हणाली,
"बाय, त्या दर्यातलं भांडण आमच्या डब्यात कसं येतं गो?"
डब्यात म्हणजे खरंच डब्यात.
त्या महिन्यात गोडेतेल चढलं होतं,
पोदेराने पाव लहान केला होता,
त्याचा भोंगा तेवढा तेवढाच मोठा वाजत होता.
मी सांगायला गेले, गहू, काळा समुद्र, वगैरे.
तिने डब्याचं झाकण लावलं.

मग एका मंगळवारी तह झाला.
पावणेनऊला फोन:
बंदरं उघडली, पोती हलली, नऊ रुपये खाली.
टीव्हीवर कुठली तरी बाई
घराच्या ढिगाऱ्यावर उभी राहून हसत होती,
हसताना रडत होती,
आणि मला, देवा शप्पथ,
पहिल्यांदा सुचलं ते नऊ रुपये.

त्याच वेळी सत्तरीहून शाणू गावडो आला,
पिकअपमधून दोन पोती उतरवत.
यंदा जानेवारीत ढग बसले होते त्यांच्या डोंगरावर,
बारा दिवस हलले नाहीत,
मोहोर करपला, अर्धीच बी लागली.
बी कमी म्हणजे भाव चढणार, असं त्याचं साधं गणित.
पण त्याचा ढग फार लहान होता,
कोचीपर्यंतही दिसत नव्हता.

फळ्यावर अजून कालचा दर होता.
एकशे बावन्न.
शाणूने तो वाचला, टोपी काढून वारा घेतला.
मी फडकं घेऊन नळावर गेले.
धुतलं. पिळलं.
पुन्हा धुतलं.
कधी नाही एवढं स्वच्छ केलं ते फडकं,
आत तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत.
बासष्ट किलो.
पावती केली, पैसे दिले.
तो जाताना हुर्राकाची बाटली ठेवून गेला टेबलाखाली,
दरवर्षी ठेवतो तशी.

मग फळा पुसला. एकशे त्रेचाळीस.

संध्याकाळी पात्रावांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
"हे पाचशे अठ्ठावन्न कुणाचे?"
सातचा पाढा बेचाळीसवर थांबलेला.
बाहेर लॉरी उभी होती,
तिच्यावर दुसऱ्या देशाचं नाव छापलेली पोती,
नुकतीच सुटून आलेली.
मी म्हटलं, लिहायला उशीर झाला.
ते काही बोलले नाहीत,
वहीत बोट ठेवून बसले,
आणि बोटाखालचा आकडा
बराच वेळ मला दिसेना.